ओमानच्या समुद्रातील बलाढ्य माशांसाठी टिकाऊ ल्यूरची निवड

ओमानच्या दक्षिणेकडील धोफार किनारा आणि त्यासमोरची हल्लानियात बेटे गळाच्या शौकिनांना ठाऊक आहेत ती मुख्यतः जायंट ट्रेव्हली या माशामुळे. जून ते सप्टेंबर खरीफच्या वाऱ्यांनी तेथील समुद्र खवळलेला असतो. त्यानंतरच नौका बाहेर पडतात. या माशाचा जागतिक विक्रम ७२.८ किलोचा असून तो २००६ साली जपानमध्ये नोंदला गेला. आमिष तोंडात येताच तो खडकांच्या दिशेने खाली झेपावतो. त्याला रोखण्यासाठी रीळ १० किलो वा त्याहून अधिक ताणावर आवळावे लागते. हा सारा ताण अखेर ल्यूरवर, म्हणजे फेकून ओढायच्या कृत्रिम आमिषावर, येतो.

प्रचलित प्रकार दोन. खोलगट तोंडाचा पॉपर पाणी उडवून आवाज करतो. निमुळता स्टिकबेट जखमी माशासारखा झुलत पोहतो. दुकानात नजर प्रथम रंगाकडे जाते, परंतु टिकाऊपणा ठरतो तो आतल्या तारेवर. चांगल्या ल्यूरमध्ये नाकापासून शेपटीपर्यंत स्टेनलेस पोलादाची एकच जाड तार आरपार गेलेली असते आणि पोटाखालचा गळही तिलाच जोडलेला असतो. मग लाकूड दुभंगले किंवा प्लॅस्टिक फुटले, तरी दोरी आणि गळ यांचा दुवा तुटत नाही. पिळून बसवलेल्या स्क्रूच्या कड्या मात्र झटक्यासरशी उपटून येऊ शकतात. अशा वेळी जाते ते केवळ महागडे आमिष नव्हे. जबड्यात गळ घेऊन मासाही जातो.

लाकडी ल्यूर फार सुंदर पोहतात. मात्र सुरमईच्या दातांनी वरचा लेप चिरला की लाकूड पाणी शोषते, फुगते आणि तोल बिघडतो. असे ओरखडे वाळवून लगेच इपॉक्सीने बुजवावेत. पोकळ प्लॅस्टिकच्या ल्यूरचे दोन्ही अर्ध जेथे जोडलेले असतात तो सांधा निरखून पाहावा. कानाशी हलवल्यावर पाण्याचा आवाज आला तर तो निरुपयोगी समजावा. आखाती उन्हात बंद गाडीत ठेवल्यास आतली हवा प्रसरण पावून हाच सांधा उसवू शकतो.

किल्ल्यांच्या जुडग्यात असते तशी दुहेरी वळणाची स्प्लिट रिंग गळ आणि ल्यूर यांना जोडते. कारखान्यातून बसवून आलेल्या कड्या आणि तिहेरी गळ बहुधा मध्यम आकाराच्या माशांसाठीच असतात. ताणाखाली कडी उघडते, गळ सरळ होतो. त्यांच्या जागी दणकट कड्या व जाड गळ घालावेत. येथे एक अडचण आहे: वजन वाढले की तरंगणारा स्टिकबेट जड होऊन पोहणेच विसरतो. म्हणून बदल केल्यावर तो प्रथम नौकेलगतच्या पाण्यात ओढून पाहावा. मासा सोडून द्यायचा असल्यास तिहेरीऐवजी एकेरी गळ बरा, आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबलेला असावा.

सुरमई, म्हणजे ओमानी बाजारातील ‘कनअद’, हिच्या मासेमारीवर तेथे १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर बंदी असते. प्रत्येक फेरीनंतर ल्यूर गोड्या पाण्याने धुवावेत व गंजलेले गळ काढून टाकावेत.