वारली चित्रातील जाळे आणि ठाण्याच्या पाणथळ जागा

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. या परिसरातून वालधुनी नदी वाहते. मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराशेजारून (शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०) उल्हासनगर, विठ्ठलवाडी व कल्याण असा प्रवास करीत उल्हास नदीच्या खाडीला मिळते. आज बहुतेक रहिवासी तिला नालाच समजतात. २६ जुलै २००५ रोजी तिचे पाणी काठच्या घरांत शिरले, तेव्हा ती नदी असल्याचे अनेकांना प्रथम उमगले असावे!

अशा गोड्या पाण्याचे भरलेले रूप पाहायचे असेल, तर याच मुलखातील वारली चित्रांकडे वळावे लागते. डहाणू, तलासरी, जव्हार हा वारल्यांचा प्रदेश १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. लग्नाच्या वेळी सवाशिणींनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहावा, त्यासाठी बांबूच्या काडीचे टोक ठेचून कुंचला करावा, अशी ही मूळची रीत. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी यांनी या कलेला कागद मिळवून दिला आणि डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांचे नाव जगभर पोहोचले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बालपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणेच सोडले होते आणि मातीत रेघोट्या ओढून ते मनातले सांगत, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे.

मशे यांच्या चित्रांपैकी मासेमारीच्या जाळ्याचे चित्र विशेष प्रसिद्ध आहे. बारीक पांढऱ्या रेषांनी विणलेले जाळे जवळजवळ सारा पट व्यापते. त्यात मासे, आणि जाळे टाकणारा माणूस त्यापुढे अगदी लहान. सालिम अली यांच्या १९४१ च्या पक्षीग्रंथातील रंगीत पानांशी हे चित्र ताडून पाहावे. तेथे पक्षी ओळखता यावा हा हेतू असल्याने त्याचा रंग, चोच, पाय यांना महत्त्व. ते योग्यच आहे. वारली चित्रकार मात्र जीवाला त्याच्या जागेपासून तोडत नाही. भातलावणी, ओहोळ, खेकडा, बगळा आणि माणूस एकाच चौकटीत येतात, आणि शेत कोठे संपले व पाणी कोठे सुरू झाले हे सांगणे कठीण होते.

निसर्गातही ते तसेच आहे. ठाणे-रायगड भागात जिला वलगण म्हणतात, ती याचे उत्तम उदाहरण. पहिल्या मोठ्या पावसात नदी-ओहोळांतील मासे प्रवाहाविरुद्ध चढून भातखाचरांत व उथळ पाण्यात अंडी घालतात. पिल्ले तेथेच वाढतात आणि पाणी ओसरताना खाली उतरतात. बेडूक, खेकडे, बगळे यांचेही वेळापत्रक याच उथळ पाण्याशी जुळलेले असते. पाणथळ जागेचा नाजूकपणा यातच आहे. डबके बुजवले नाही तरी त्याकडे येणारी वाट भरावाने अडली, की डबके दिसायला तेच राहते आणि आतून ओस पडते.

कायद्याची व्याख्या या ठिकाणी वेगळी वाट धरते. इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या करारात भारत १९८२ मध्ये सामील झाला. महाराष्ट्रातून नांदूर मधमेश्वर व लोणार यांच्यानंतर २०२२ मध्ये ठाणे खाडीचा रामसर यादीत समावेश झाला. खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. खाडीच्या दृष्टीने ही मोठीच प्राप्ती. परंतु केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी नदीपात्रे आणि भातशेते व्याख्येतून वगळली. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यसंवर्धनासाठी किंवा मनोरंजनासाठी मुद्दाम बांधलेले तलावही त्यांत बसत नाहीत. नदीपात्रांसाठी प्रदूषणविषयक कायदे आहेत, हे खरे. पण वलगणीचा मासा ज्या खाचरात अंडी घालतो, ते खाचर या नियमांच्या लेखी पाणथळ नव्हे.