समुद्रापार गेलेले मांजर : आख्यायिका आणि इतिहास

काही महिन्यांपूर्वी विहारातील धम्मप्रवचन संपल्यावर एका उपासिकेने प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त सहकुटुंब जपानला स्थलांतर करीत होता. घरात सहा वर्षांपासून वाढलेले मांजर होते. ते सोबत न्यावे की येथेच कोणाच्या स्वाधीन करावे, यावर घरात एकमत होत नव्हते. "धम्म याविषयी काय सांगतो?" असे त्यांनी विचारले. उत्तर देण्यापूर्वीच एक तरुण धम्मबांधव उत्साहाने म्हणाले, "ताई, जपानला मांजर नेले तेच मुळी बौद्ध भिक्खूंनी. ग्रंथांचे उंदरांपासून रक्षण व्हावे म्हणून!"

हे विधान अनेक व्याख्यानांतून व पुस्तिकांतून केले जाते. ते ऐकून आपणास अभिमानही वाटतो. परंतु परंपरेने सांगितले म्हणून अथवा आपल्या मताला अनुकूल आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये, हा उपदेश भगवान बुद्धांनीच कालामांना केला आहे. तो इतरांच्या पुराणकथांना लावावयाचा आणि आपल्या आख्यायिकांना मात्र सूट द्यावयाची, हे योग्य नव्हे. म्हणून प्रस्तुत विधानाची साधनांच्या आधारे तपासणी करणे आवश्यक आहे.

पालि साहित्यातील मांजर

पालि भाषेत मांजरास 'बिळार' आणि 'मज्जार' असे शब्द आहेत. तिपिटकात मांजराचा उल्लेख बहुधा उपमेसाठी येतो आणि तो फारसा गौरवाचा नाही. मज्झिम निकायातील मारतज्जनीय सुत्तात उकिरड्याजवळ उंदरावर टपून बसलेल्या मांजराची उपमा ध्यानस्थ भिक्खूंची टवाळी करणाऱ्यांच्या तोंडी आहे. संयुत्त निकायातील बिळार सुत्तात घाईने उंदीर गिळणाऱ्या मांजराची आतडी तो उंदीर आतून कुरतडतो. इंद्रियांवर संयम न ठेवता भिक्षाटनास जाणाऱ्या भिक्खूला दिलेला तो इशारा आहे. बिळार जातकाची गोष्ट तर विशेष आहे. तिच्या गद्य कथेत दांभिक तपस्वी म्हणून कोल्हा येतो, परंतु गाथेत त्या ढोंगाला नाव मात्र मांजराच्या व्रताचे दिले आहे.

मिलिंदपञ्हात सूर बदलतो. गुहेत असो, पोकळीत असो वा इमारतीत असो, मांजर केवळ उंदराचाच शोध घेते. त्याप्रमाणे साधकाने कोठेही असता कायगतासतीचाच शोध घ्यावा, असे नागसेन स्थविर सांगतात. मांजर आपले भक्ष्य जवळच शोधते, तसे साधकाने पंचस्कंधांचा उदय-व्यय स्वतःतच पाहावा, हा दुसरा गुण होय.

तथापि या सर्व उल्लेखांत ग्रंथरक्षक मांजर कोठेही आढळत नाही. उंदरांचा उपद्रव संघाला ठाऊक होता. महावग्गात भिक्खूंनी मंडपात व झाडाखाली ठेवलेली चीवरे उंदीर आणि वाळवी खात असल्याचा प्रसंग आहे. त्यावर भगवंतांनी सांगितलेला उपाय म्हणजे 'भण्डागार' अर्थात कोठार, आणि त्याची व्यवस्था पाहणारा योग्य भिक्खू. मांजर पाळण्याची अनुज्ञा तेथे नाही. उलट ज्या प्राण्यांविषयी मैत्री भावना करावयाची त्या खन्धपरित्तातील यादीत साप, विंचू, गोम यांच्यासोबत उंदीरही आहे.

समुद्रप्रवासात सोबत नेलेल्या प्राण्यांचे उल्लेख मात्र पालि साहित्यात आहेत. केवट्ट सुत्तात व्यापारी किनारा शोधण्यासाठी जहाजावरून पक्षी सोडतात. बावेरु जातकात भारतीय व्यापारी एक कावळा बावेरुला, म्हणजे बहुधा बाबिलोनला, घेऊन जातात. त्या देशात पक्षी नव्हते, असे कथा म्हणते. लोक शंभर कहापण देऊन कावळा विकत घेतात, सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवतात, मांस व फळे चारतात. पुढील खेपेस व्यापारी मोर आणतात. त्याला हजार कहापण मिळतात आणि कावळ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. बुद्धांच्या उदयानंतर अन्य तीर्थिकांचा सत्कार कसा ओसरला, हे सांगण्यासाठी जातककाराने ही कथा योजली आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तीत आणखी एक अर्थ दिसतो. परक्या देशात नेलेल्या त्या मुक्या जिवाला परतीची वाट नव्हती. नव्या मालकाची हौस फिटताच तो निराधार झाला.

चीनमधील परंपरा आणि नवे संशोधन

चिनी लेखनात अशी एक कथा नोंदलेली आहे की मांजर मूळचे चीनचे नव्हे. भारतात उंदीर बौद्ध ग्रंथ कुरतडत म्हणून श्रमण ते पाळीत आणि ह्युएन त्संगाने परतताना ते चीनमध्ये आणले. ह्युएन त्संग इ. स. ६४५ मध्ये चांगआनला परतला. महाराष्ट्रात येऊन पुलकेशी दुसरा याच्या राज्याचे वर्णन करणारा हाच प्रवासी होय. त्याने आणलेल्या वस्तूंची मोजदाद उपलब्ध आहे. ६५७ ग्रंथ, बुद्धमूर्ती आणि धातू असा तो ठेवा होता आणि तो वाहून नेण्यास वीस घोडे लागले. या यादीत मांजर नाही. शिवाय तो परतला खुष्कीच्या मार्गाने.

या प्रश्नावर अलीकडे नवा प्रकाश पडला आहे. बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातील संशोधकांनी चीनमधील १४ पुरातत्त्वीय स्थळांवरील २२ मार्जारवर्गीय अवशेषांच्या जनुकांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार प्राचीन चिनी वस्त्यांजवळ वावरणारे प्राणी पाळीव मांजर नसून वाघाटी होते. खऱ्या पाळीव मांजराचा तेथील सर्वांत जुना अवशेष शान्शी प्रांतातील तोंगवान येथील असून तो आठव्या शतकाच्या सुमाराचा आहे. ही मांजरे रेशीम मार्गाने, व्यापाऱ्यांच्या सोबतीने आली असावीत, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला आहे.

म्हणजे मांजर पश्चिमेकडून उशिरा आले, हे आख्यायिकेचे म्हणणे खरे ठरते. भिक्खूंनी आणले, हे सिद्ध होत नाही. रेशीम मार्गावरून व्यापारी आणि भिक्खू एकत्रच प्रवास करीत, हे खरे. परंतु शक्यता म्हणजे पुरावा नव्हे.

जपान : ग्रंथालय, भिक्खू आणि सम्राट

जपानमधील आख्यायिका कानाझावा बुन्को या ग्रंथालयाशी निगडित आहे. होजो सानेतोकी (१२२४-१२७६) याने १२७५ च्या सुमारास हा ग्रंथसंग्रह स्थापन केला. आज हे स्थळ योकोहामा शहरात आहे. १३३३ मध्ये होजो घराण्याचा पाडाव झाल्यावर शेजारच्या शोम्योजी या बौद्ध मठाने हा संग्रह सांभाळला. सुंग राजवटीतील चीनमधून जहाजाने ग्रंथ आले, तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी मांजरेही आली आणि त्यांचा वंश तेथे वाढला, असे स्थानिक लोक सांगत आले आहेत. ही कथा सुंदर आहे. परंतु जपानमध्ये मांजर त्यापूर्वी चारशे वर्षे तरी होते, हे लिखित साधनांवरून दिसते.

त्यांतील पहिले साधन बौद्धच आहे. याकुशीजी मठातील भिक्खू क्योकाई याने नवव्या शतकाच्या प्रारंभी 'निहोन र्योइकी' हा कथासंग्रह रचला. त्यात बुझेन प्रांतातील एका गृहस्थाची कथा येते. मृत्यूनंतर यातना भोगणारा पिता पुत्राला सांगतो : भुकेने व्याकूळ होऊन मी साप होऊन तुझ्या घरी आलो, तू काठीने फेकून दिलेस. कुत्रा होऊन आलो, तू हाकलून लावलेस. मांजर होऊन आलो तेव्हा मात्र तू पोटभर खाऊ घातलेस. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात (१९५७) आत्म्याचे संक्रमण नाकारले आहे, त्यामुळे ही कथा शब्दशः स्वीकारण्याचे आपणास कारण नाही. परंतु दारी आलेल्या मांजराला अन्न घालण्याची रीत त्या काळी होती, याचा पुरावा म्हणून ती मोलाची आहे.

दुसरे साधन म्हणजे सम्राट उदा याची रोजनिशी. इ. स. ८८९ मधील नोंदीत त्याने एका काळ्या मांजराचे वर्णन केले आहे. दझाईफू येथील अधिकारी मिनामोतो नो कुवाशी याने ते उदाच्या पित्याला, सम्राट कोको यास, अर्पण केले होते. दझाईफू हे परदेशी जहाजांच्या व्यवहाराचे ठाणे असल्याने हे मांजर समुद्रापलीकडून आले असावे, असे अभ्यासक मानतात. इतर मांजरे फिकट काळी, हे मात्र शाईसारखे गडद काळे. लांबी दीड शाकू, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर. उंदीर पकडण्यात इतरांहून चपळ, असे उदा लिहितो. पित्याने ते काही दिवस ठेवून आपणास दिले, आपण पाच वर्षे रोज सकाळी त्याला दुधातील पेज देतो, आणि ते केवळ चपळ आहे म्हणून नव्हे तर दिवंगत पित्याने सोपविले म्हणून, असेही तो नोंदवितो. पुढे ८९७ मध्ये उदाने सिंहासन सोडले आणि ८९९ मध्ये प्रव्रज्या घेतली. क्योतोमधील निन्नाजी मठ त्यानेच पूर्ण केला.

बावेरुच्या कावळ्याशी या नोंदीची तुलना करून पाहावी. समुद्र ओलांडून आलेले दोन्ही जीव नवलाईची वस्तू म्हणूनच आले. एकाचे मोल नवलाईबरोबर संपले. दुसऱ्याला पाच वर्षांनंतरही रोज सकाळी पेज मिळत होती. फरक प्राण्यांत नव्हता, सांभाळणाऱ्याच्या चित्तात होता.

आणखी एक साक्ष चित्रकलेतील आहे. महापरिनिर्वाणाच्या जपानी चित्रांत शोक करणारे अनेक प्राणी दिसतात, परंतु मांजर बहुधा नसते. क्योतोच्या तोफुकुजी मठातील १४०८ च्या भव्य चित्रात मात्र भिक्षू-चित्रकार मिन्चो याने मांजराला स्थान दिले आहे. ज्याला परंपरेने वगळले त्याला तथागतांच्या चरणांशी जागा देणे, याचा अर्थ आपल्या वाचकांस निराळा सांगण्याची आवश्यकता नाही.

निष्कर्ष

सारांश, बौद्ध भिक्खूंनी ग्रंथरक्षणासाठी मांजर प्रथम जपानला नेले, हे विधान इतिहास म्हणून करता येत नाही. आख्यायिका म्हणून ते जरूर सांगावे, कारण त्यात ग्रंथांविषयीची काळजी व्यक्त झाली आहे. ती काळजी आपणास परकी नाही. १९१७ मध्ये लंडनहून परतताना बाबासाहेबांनी वेगळ्या जहाजाने पाठविलेली ग्रंथसंपदा ते जहाज पाणतीराने बुडविले गेल्याने समुद्रात गेली. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचे जुने अंक आज वाचावयास मिळतात, तेही कोणीतरी ते उंदीर-वाळवीपासून जपले म्हणूनच. त्या कामासाठी महावग्गातील भण्डागाराचा मार्ग आजही खुला आहे.

राहिला त्या उपासिकेचा प्रश्न. भारतातून जपानला मांजर नेण्यासाठी प्रथम त्याच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवावी लागते. त्यानंतर किमान तीस दिवसांच्या अंतराने रेबीजच्या दोन लसी, मग प्रतिपिंडांची रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्यापासून १८० दिवसांची प्रतीक्षा. पोहोचण्याच्या ४० दिवस आधी तेथील अधिकाऱ्यांना सूचनाही द्यावी लागते. ही प्रतीक्षा अपुरी राहिल्यास उरलेले दिवस मांजराला तेथे विलग ठेवले जाते. मी त्यांना हे सर्व सांगितले आणि एवढेच म्हटले की, कर्म म्हणजे चेतना होय. मांजर नेल्याने पुण्य नाही आणि ठेवल्याने पाप नाही. परंतु सहा वर्षे जो जीव आपल्यावर विसंबला, त्याची व्यवस्था करण्यापूर्वी दार ओढून घेणे मैत्रीत बसत नाही.

मुलगा पुढे गेला. मांजर आज त्या उपासिकेपाशी आहे, लसी पूर्ण झाल्या आहेत आणि १८० दिवसांची मोजणी चालू आहे.