टाकाऊतून टिकाऊ: ऑस्टिन सेव्हन, मिनी आणि एका स्मरणरंजनाचा हिशेब

इतिहासाच्या व्याख्यानमालेत आज जुन्या, स्वस्त, इंग्रजी मोटारगाड्या कशाला, असं काहींना वाटेल. नुसत्या जुन्याही नव्हेत. कापलेल्या, जोडलेल्या, घरामागच्या शेडमध्ये रूप पालटलेल्या. ब्रिटनमध्ये अशा गाड्यांबद्दल हळवं होणारी माणसं भरपूर आहेत. त्यांचा हा हळवेपणा कुठून आला, आणि त्यात काय आठवलं जातं, काय विसरलं जातं, एवढंच आज पाहायचं आहे. मराठीत नॉस्टॅल्जियाला आपण स्मरणरंजन म्हणतो. शब्द मोठा नेमका आहे. स्मरण असतंच, पण त्याला रंजनाचा रंग चढलेला असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं तो रंग थोडा खरवडून बघायचा असतो.

सुरुवात १९२२ पासून करू. त्या काळी ब्रिटनमध्ये मोटारीवरचा वार्षिक कर इंजिनाच्या ठरावीक सूत्रानं काढलेल्या अश्वशक्तीवर होता, दर अश्वशक्तीला एक पौंड. फोर्डच्या मॉडेल टीला २३ पौंड पडायचे. हर्बर्ट ऑस्टिन यांनी कारखान्यातल्या स्टॅन्ले एज नावाच्या अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला हाताशी घेतलं आणि आपल्या घरातल्या बिलियर्डच्या खोलीत एक छोटी गाडी आखली. तिचं नाव ऑस्टिन सेव्हन. किंमत १६५ पौंड, कर ८ पौंड. लवकरच इंजिन ७४७ सीसीचं झालं आणि तेच कायम राहिलं. १९३९ पर्यंत अशा सुमारे २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या.

आता तिची रचना बघा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. खाली इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची हलकी चासी. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं सगळी तिलाच जोडलेली. वरची बॉडी वेगळी, बोल्टवर बसवलेली. म्हणजे बोल्ट सोडले, चारजणांनी बॉडी उचलून बाजूला ठेवली, तरी खाली चालती गाडी शिल्लक राहायची. मग तिच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून आपल्याला हवी तशी दोन सीटांची बॉडी बसवायला कुणाची परवानगी लागणार? अशा गाडीला तिकडे 'स्पेशल' म्हणत. १९३९ मध्ये या वेडापायी ७५० मोटर क्लब सुरू झाला.

पण या छंदाला खरा भर आला तो युद्धानंतर, आणि इथे स्मरणरंजन पहिली गोष्ट विसरतं. नव्या गाड्या तेव्हा आधी निर्यातीला जायच्या, देशाला डॉलर हवे होते. पेट्रोलवर १९५० पर्यंत रेशन. नव्या गाडीवर खरेदी कर, आणि तोही १९५१ मध्ये दुप्पट करून किमतीच्या दोन तृतीयांश केलेला. घरी बांधलेल्या गाडीला मात्र हा कर लागत नसे. तेव्हा विशी-पंचविशीतल्या, बेताच्या पगाराच्या मुलानं करायचं काय? भंगाराच्या भावात मिळणारी युद्धापूर्वीची ऑस्टिन आणायची आणि कामाला लागायचं. आज ज्याला आपण हौस म्हणतो, त्यात बराच वाटा नाइलाजाचा आणि सरकारी कराचा होता.

त्या नाइलाजातून काय निघालं, तेही बघायला हवं. १९४८ च्या सुमारास कॉलिन चॅपमन या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं एक न खपलेली जुनी ऑस्टिन सेव्हन घेतली आणि लंडनच्या मझवेल हिल भागात, आपली मैत्रीण हेझल विल्यम्सच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात स्पेशल बांधली. तीच पहिली लोटस. पुढे कंपनी काढताना हेझलनंच २५ पौंड दिले. या कथेत हातात पाना घेतलेला तरुण सगळ्यांना आठवतो. गॅरेज कुणाचं आणि पैसे कुणाचे, हे फारसं कुणी विचारत नाही.

चॅपमनची एक करामत ऐका. ऑस्टिनच्या इंजिनात चार सिलिंडर, पण हवा-पेट्रोलाचं मिश्रण आत जायला वाटा दोनच. दोन-दोन सिलिंडरांत एक. त्यानं त्या वाटेत पातळ पत्र्याचा पडदा उभा केला आणि दोनाच्या चार वाटा केल्या. गाडी इतकी पळायला लागली, की क्लबनं नंतर नियमच बदलला!

दुसरा मुलगा जॉन हेन्स. शाळेत असतानाच त्यानं ऑस्टिनची स्पेशल बांधली, आणि ती कशी बांधली याची पुस्तिका १९५६ मध्ये काढली. २५० प्रती, दहा दिवसांत संपल्या. गाडी सुटी करून पुन्हा जोडायची रीत चित्रांसह सांगणारी हेन्स मॅन्युअल्स जगभर गेली, त्यांचं मूळ इथे आहे.

तिसरा माणूस ॲलेक इसिगोनिस. त्यानं जॉर्ज डाउसन या मित्राबरोबर ऑस्टिनचे भाग वापरून काही वर्षं खपून एक शर्यतीची गाडी केली, १९३८ मध्ये पुरी झाली. तिला वेगळी चासी नव्हती, बॉडीच सगळा भार घ्यायची. आणि मागच्या चाकांना रबराची स्प्रिंग. सुएझच्या पेचानंतर पेट्रोल पुन्हा महागलं, तेव्हा याच इसिगोनिसनं १९५९ ला मिनी दिली. तिलाही वेगळी चासी नव्हती, आणि चारही चाकांना रबराच्या स्प्रिंगा होत्या. स्वतः खटपट्या असलेल्या माणसानं पुढच्या पिढीच्या खटपट्यांना गाडी दिली, असं म्हणायला हरकत नाही.

मात्र मिनीची बॉडी उचलून बाजूला ठेवता येत नव्हती. मग खटपट बॉडीवरून इंजिनाकडे सरकली. सिलिंडर हेडमधल्या वाटा घासून गुळगुळीत करायच्या, एकाऐवजी दोन कार्बुरेटर लावायचे, चाकं रुंद करायची. जॉन कूपरच्या नावाची वेगवान मिनी १९६१ मध्ये कंपनीनंच काढली, आणि मिनीनं १९६४, १९६५, १९६७ ला माँटे कार्लो रॅली जिंकली.

आता दुसरी विसरलेली गोष्ट, धोका. सुरुवातीच्या ऑस्टिन सेव्हनमध्ये पायातला ब्रेक मागच्या चाकांना आणि हातातला पुढच्या चाकांना लागायचा. अशा गाडीचा वेग घरच्या घरी वाढवायचा आणि ब्रेक तेच ठेवायचे, म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. १९६० मध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना सक्तीची तपासणी आली. पुढे ही मर्यादा सात, आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आली. कितीतरी स्पेशल रस्त्यावरून गेल्या. त्याबद्दल हळहळणारे लोक आहेत, पण ती तपासणी योग्यच होती.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. प्रत्येक स्पेशलसाठी एक साधी ऑस्टिन मोडली गेली. कुटुंबाला रविवारी फिरायला नेणारी चार सीटांची बॉडी भंगारात गेली. आज ती साधी गाडी दुर्मीळ आणि मोलाची झाली आहे, म्हणून पन्नाशीतली स्पेशल मोडून तिची पुन्हा 'मूळ' गाडी करावी का, असा वाद होतो. इतिहासाचा पुरावा कोणता धरायचा? १९३० साली कारखान्यातून निघालेली गाडी, की १९५५ साली एखाद्या मुलानं शेडमध्ये केलेली? माझं मत विचाराल तर स्पेशल मोडू नये. साधी गाडी एकदा मोडली, ती परत येत नाही. नव्यानं जोडलेली 'मूळ' गाडी ही आजची गाडी असेल. पण त्या मुलानं वाकडातिकडा कापलेला पत्रा हा त्या काळच्या टंचाईचा आणि हुशारीचा खरा दस्तऐवज आहे, आणि तो पुसला की दोन्ही गेले.

आणि हे स्मरणरंजन नक्की कशाचं? ७५० क्लबच्या त्याच शर्यतीत पुढे ऑस्टिनचं इंजिन जाऊन रिलायंटचं आलं, मग फियाटचं. ऑस्टिन महागली, तेव्हा त्यांनी जे स्वस्त मिळेल ते घेतलं. शर्यतवाल्यांनी गाडी सोडली, पण रीत धरून ठेवली. हळवे लोक बहुधा गाडी धरतात आणि रीत सोडतात. काचेसारखी चकाकणारी मिनी झाकून ठेवतात, तिला पाना लावायला घाबरतात. मला वाटतं, त्यांना खरी आठवण येते ती बॉनेट उघडल्यावर सगळं समजायचं त्याची, आणि चुकलं तरी फार पैसे बुडत नसत त्याची.

आपल्या घरातली कोणती वस्तू आपण आज अशी उघडून बघू शकतो, याचा जाता जाता विचार करा. आता प्रश्न घेऊ.