राज्यविस्तार, नोकरी आणि इंग्रजी भाषा

इंग्रजी भाषा जगभर पसरली ती एकाच मार्गाने नव्हे. १६०७ साली व्हर्जिनियात जेम्सटाउन येथे आणि १७८८ साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बंदरात जे इंग्रज उतरले ते कायमचे राहावयास गेले होते. त्यांनी भूमी बळकावली, मूळ रहिवाशांना मागे रेटले आणि त्यांच्याबरोबर त्यांची भाषाही तेथे वसली. वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या, परस्परांची भाषा न जाणणाऱ्या माणसांना मालकाचीच भाषा आपल्या परीने वळवून बोलावी लागली. हिंदुस्थानची कथा याहून निराळी. येथे आलेले इंग्रज देशाच्या मानाने मूठभर होते आणि नोकरीची मुदत संपताच त्यांतील बहुतेक मायदेशी परतत. त्यांची भाषा मात्र परतली नाही.

याचे सारे श्रेय वा अपश्रेय मेकॉलेच्या पदरी घालण्याची प्रथा आहे. २ फेब्रुवारी १८३५ चे त्याचे टिपण आणि ७ मार्चचा लॉर्ड बेंटिंकचा ठराव यांचे महत्त्व निर्विवाद होय. परंतु कलकत्त्यातील तो वाद मुख्यतः एकीकडे इंग्रजी व दुसरीकडे संस्कृत आणि अरबी असा होता; लोकांच्या नित्य व्यवहारातील भाषांना त्यात कोणी वकीलच नव्हता. शिवाय मेकॉले या देशात पाऊल टाकण्यापूर्वीच, १८१७ मध्ये, कलकत्त्यात हिंदू कॉलेज निघाले होते. १८२३ मध्ये राजा राममोहन राय यांनी सरकारी खर्चाने संस्कृत पाठशाळा काढण्यास विरोध करून गणित, रसायन, शरीररचना असे विषय शिकवावेत, अशी मागणी लॉर्ड अ‍ॅमहर्स्टकडे केली होती. इंग्रजी लादली गेली हे जितके खरे, तितकेच ती मागितली गेली हेही खरे आहे.

मुंबई इलाख्यात प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला, आणि मराठी वाचकांस तो अधिक जिव्हाळ्याचा वाटावा असा आहे. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीपासून येथे नवे ज्ञान देशी भाषांतून देण्याचा उद्योग सुरू झाला होता. लष्करी इंजिनियर जॉर्ज जर्विस यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणली. त्यांच्या देखरेखीखालील इंजिनियरिंगच्या वर्गात शिकवणे मराठी व गुजरातीतून चाले. १८२६ साली डॉ. मॅक्लेनन यांच्या हाताखाली देशी भाषांतून शिकविणारी वैद्यकशाळा निघाली. ती १८३२ साली बंद पडली. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश प्रसिद्ध झाला, आणि १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. त्याच्या पानावर मराठी व इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी असत. दोन्ही भाषा अशाच बरोबरीने नांदतील, अशी त्या काळच्या सुशिक्षितांची समजूत असावी.

१८४० मध्ये शिक्षण मंडळ स्थापन झाले. १८४३ पासून न्यायाधीश सर अर्स्किन पेरी त्याचे अध्यक्ष होते. पैसा थोडा असल्याने तो वरच्या वर्गातील निवडक तरुणांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण देण्यावर खर्चावा, ज्ञान तेथून खाली झिरपेल, हे त्यांचे धोरण. १८४७ साली मंडळात यावरून उघड तट पडले. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा हे तिन्ही हिंदी सभासद एका बाजूस उभे राहिले आणि जर्विस त्यांना मिळाले. नानांचा इंग्रजीस विरोध नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईतील इंग्रजी शिक्षणाच्या आद्य आश्रयदात्यांत त्यांची गणना होते. त्यांचे म्हणणे एवढेच की, इंग्रजी थोड्यांनाच येणार. बहुजनसमाजाला ज्ञान मिळावयाचे असेल तर ते त्याच्या भाषेतूनच मिळाले पाहिजे. हिंदू, पारशी आणि मुसलमान पुढारी एका विचाराने बोलत असताना त्यांच्या शब्दाला जे वजन मिळावयास हवे होते ते मिळाले नाही. १८४८ मध्ये सरकारने दिलेले उत्तर मोघम होते, आणि व्यवहारात पेरींचीच वाट चालू राहिली.

याचे कारण मंडळाच्या बैठकीत नव्हते, कचेरीत होते. सरकारी नोकऱ्या देताना इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यावे, असा ठराव लॉर्ड हार्डिंजने १८४४ मध्येच केला होता. तालुक्याचे दफ्तर मराठीत चाले खरे, परंतु वरच्या पायऱ्या इंग्रजी आल्यावाचून चढता येत नसत. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले ते इंग्रजी माध्यमाचे. मुलाला कोणती भाषा शिकवावी हे मग बापाला कोणी सांगावे लागले नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाली देशी भाषा व वर इंग्रजी अशी वाटणी कायम केली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि पुढे काही वर्षांतच त्याच्या उच्च परीक्षांतून मराठी बाहेर गेली. तिला एम. ए. च्या परीक्षेत पुन्हा जागा मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. त्यासाठी सर्वांत अधिक झटले ते १८६२ च्या पहिल्या चार पदवीधरांपैकी एक, न्यायमूर्ती रानडे. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्त्रियांचे विद्यापीठ मातृभाषेतून सुरू केले, तेव्हा त्याच्या पदवीला सरकारमान्यता नव्हती.

हैदराबाद संस्थानात प्रवाह उलटा वाहिला. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दू स्वीकारली. इंग्रजी हा एक आवश्यक विषय तेवढा राहिला. ‘दारुल तर्जुमा’ या भाषांतरसंस्थेने शास्त्रे, इतिहास, कायदा, वैद्यक यांवरील शेकडो पुस्तके उर्दूत आणली. देशी भाषेला हे विषय झेपत नाहीत, हा समज येथे खोटा ठरला. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. औरंगाबाद-नांदेडकडील विद्यार्थ्यास उर्दू हीदेखील राज्यकर्त्यांचीच भाषा. मराठी शिक्षणासाठी लोकांना स्वतःच उभे राहावे लागले. हैदराबादची विवेकवर्धिनी १९०७ मध्ये निघाली ती याच गरजेतून.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि त्यानंतर उस्मानियाचे माध्यम बदलले. उर्दूच्या जागी तेलुगू, मराठी वा कन्नड आली नाही, इंग्रजी आली. इंग्रजांचे राज्य जाऊन तेव्हा वर्ष उलटले होते. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १९५८ मध्ये औरंगाबादेस विद्यापीठ स्थापन झाले. हैदराबादेतच राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या मुलांचे शिक्षण उत्तरोत्तर इंग्रजीकडे झुकत गेले. त्यांचे मराठी वाचन मग घरातील कपाट आणि गावातील ग्रंथालय यांच्या आधारे चालू राहिले.