आजारी मुलीसाठी निघालेली बाहुली

अमेरिकन चित्रकार जॉनी ग्रुएल यांना १९१५ साली 'रॅगेडी ॲन' या चिंध्यांच्या बाहुलीचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी त्यांची तेरा वर्षांची कन्या मार्सेला निवर्तली. १९१८च्या पुस्तकात बाहुलीच्या छोट्या मालकिणीला त्यांनी तिचेच नाव दिले. त्या गोष्टी घरगुती होत्या. माणसांची पाठ वळली की बाहुल्या जिवंत होत.

१९३८मध्ये ग्रुएल वारले. १९४१ साली फ्लायशर स्टुडिओने या बाहुलीवर रंगीत, संगीतमय लघुपट काढला. पुढे फेमस स्टुडिओजच्या 'सडनली इट्स स्प्रिंग' (१९४४) या लघुपटाने घरगुती गोष्टींऐवजी एकच निकडीचा प्रवास निवडला : आजारी मालकिणीसाठी ऊन मागायला बाहुली थेट सूर्याकडे निघते.

मुलगी बरी होते. ग्रुएल यांच्या घरी जे घडले नाही, ते पडद्यावर घडले.