विद्यार्थ्यांच्या यशाचें माप

शिक्षणाचा इतिहास लिहितांना आपण शाळा-महाविद्यालयांच्या स्थापनेचीं वर्षें देतों, दानशूरांचीं व आचार्यांचीं नांवें देतों, अभ्यासक्रमांतील फेरफार नमूद करितों. परंतु विद्यार्थी यशस्वी झाला असें कोणत्या काळीं कशावरून मानीत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः ज्या मापानें यश मोजलें जातें, त्या मापाकडे पाहूनच संस्था आपलें वर्तन ठरवीत असते. सोनाराच्या तराजूनें लाकूड जोखूं नये, हें कोणासही समजतें. पण एका काळासाठीं घडविलेलें माप दुसऱ्या काळीं आणि दुसऱ्याच माणसांना लावल्यानें काय होतें, याचा विचार देऊळगांव राजासारख्या तालुक्याच्या गांवीं राहून अध्यापन करणाऱ्यास टाळतां येत नाहीं.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, तें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकविणें हें त्याचें काम नव्हतें. परीक्षा घेणें व पदव्या देणें हें होतें. १८५९ सालीं पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तिला १३२ विद्यार्थी बसले आणि उत्तीर्ण झाले ते अवघे वीस-बावीस. पुढें १८६२ सालीं पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हीं नांवें महाराष्ट्र विसरलेला नाहीं, आणि विसरूंही नये. परंतु पहिल्याच दाराशीं अडलेल्या त्या शंभरावर तरुणांचा इतिहास कोणी लिहिला नाहीं. ज्या संस्थेचें काम शिकविणें नसून पारखणें हें आहे, तिच्यावर गाळलेल्यांचें दायित्व येत नाहीं. राज्यकारभारासाठीं थोडे निवडक सुशिक्षित हवे होते. तेवढ्यापुरती ती चाळण योग्यच होती.

वऱ्हाडची स्थिती तर आणखी निराळी. १८५३ च्या तहानें हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. पण येथें पहिलें महाविद्यालय, अमरावतीचें किंग एडवर्ड कॉलेज, निघावयास १९२३ साल उजाडावें लागलें. नागपूर विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षाची. तोंवर वऱ्हाडांतील मुलानें पदवी घ्यावयाची म्हणजे पुणें, मुंबई किंवा नागपूर गांठणें आलें. सिंदखेड-देऊळगांवचा हा मुलूख जाधवरावांच्या पराक्रमानें आणि जिजाऊंच्या जन्मानें पावन झालेला खरा, पण वऱ्हाडच्या अगदीं दक्षिण टोंकाला, निजामी हद्दीला लागून पडलेला. येथून जो कोणी महाविद्यालयांत पोहोंचे, त्याची विद्यापीठाच्या परीक्षेआधींच एक मोठी परीक्षा झालेली असे: प्रवासाची, खाणावळीच्या खर्चाची आणि घरांतला कर्ता हात सोडण्याची. तींत नापास झालेल्यांची यादी कोणत्याही भिंतीवर लागली नाहीं.

निकाल हेंच माप, हा विचार त्या काळीं केवळ समजुतींत राहिला नव्हता. त्याला पैशाची जोड मिळाली होती. इंग्लंडांत १८६२ सालीं निकालाप्रमाणें अनुदान देण्याची पद्धति सुरू झाली: तपासनिसापुढें जितकीं मुलें उत्तीर्ण होतील, तितका शाळेला पैसा. तीच पद्धति पुढें मुंबई इलाख्यांतही आली. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करितांना जोतीराव फुले यांनीं तिच्यावर नेमकें बोट ठेविलें. गरीब व अज्ञ लोकांत विद्येची गोडीच अजून उत्पन्न झालेली नाहीं. अशा लोकांत शिक्षणाचा प्रसार करण्यास ही पद्धति उपयोगी नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. निकालावर ज्याचें पोट अवलंबून, तो शिक्षक कुणबी-माळ्यांच्या वा महार-मांगांच्या वस्तींत शाळा काढावयास कशाला जाईल? ज्यांना शिकविणें अवघड, त्यांच्यापासून दूर राहणें हाच अशा मापाखालीं शहाणपणा ठरतो. वाईट माप शिक्षकाला आळशी करीत नाहीं, तर चतुर करितें, हा धडा १८८२ सालींच उपलब्ध होता.

मापाची खरी दुरुस्ती झाली ती १९२९ सालीं, सर फिलिप हार्टोग यांच्या समितीच्या अहवालानें. या समितीनें एक साधी गोष्ट केली: उत्तीर्ण किती झाले हें न विचारतां, आरंभीं आलेल्या मुलांचें पुढें काय झालें, हें विचारलें. १९२२-२३ मध्यें पहिल्या इयत्तेंत असलेल्या दर १०० मुलामुलींमागें १९२५-२६ मध्यें चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोंचलीं होतीं फक्त १८. शाळा वाढल्या, पटावरील संख्या वाढली, म्हणून जो संतोष मानला जात होता, तो या एका आंकड्यानें पार मावळला. समितीनें या हानीचीं दोन रूपें सांगितलीं: मध्येंच शाळा सोडणें हा अपव्यय आणि त्याच इयत्तेंत अडकून पडणें ही स्थगिति. हार्टोग यांनीं यावरून काढलेलें अनुमान, कीं विस्तार आंवरून प्रथम दर्जा सुधारावा, हें मात्र सर्वांस पटलें नाहीं. आपल्याकडील रा. वि. परुळेकर यांनीं साक्षरतेच्या आंकड्यांची कसून छाननी करून विस्ताराचा पक्ष आग्रहानें मांडला. कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक हे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. ज्याला पोटासाठीं शाळा सोडावी लागते, त्याला पुन्हां आंत येण्याची वाट मोकळी हवी, अर्धवेळ शिकण्याची सोय हवी, हा विचार त्यांनीं जन्मभर पुढें ठेविला. मूल शाळेंतून गळतें याचा दोष मुलाकडे नसून व्यवस्थेकडे असूं शकतो, हें हिशेबानें दाखवून देणारी ही परंपरा आहे.

मोजणारे असे हिशेब करीत असतां कांहीं कर्ते पुरुष, हातीं कोणतेंही कोष्टक न घेतां, गळतीच्या मुळावरच घाव घालीत होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ मध्यें रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्यें साताऱ्याला छत्रपति शिवाजी कॉलेज. त्यांना दिसलें कीं मुलाची बुद्धि कमी पडत नाहीं, फी आणि भाकरी कमी पडते. म्हणून 'कमवा आणि शिका'. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४६ मध्यें मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढलें, तेव्हां वर्ग सकाळीं ठेविले, कारण त्यांच्या मनांतला विद्यार्थी दिवसा नोकरी करणारा होता. १९५० मध्यें त्यांनीं औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय उघडलें, तें तर आमच्या या भागाच्या उशालाच. वऱ्हाडांत डॉ. पंजाबराव देशमुखांनीं अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय चालविलें आणि १९३२ मध्यें श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. या तिघांनींही परीक्षा सोपी केली नाहीं. त्यांनीं घड्याळ बदललें, वसतिगृह बांधलें, श्रमाला फीचें मोल दिलें. आणि विद्यार्थी टिकले.

हा अनुभव आपल्यापुरताच आहे असें नाहीं. अमेरिकेंत १९०१ मध्यें जोलिएट येथें निघालेल्या संस्थेपासून दोन वर्षांच्या लोकमहाविद्यालयांची मोठी परंपरा आहे. गरिबांस, नोकरदारांस, प्रौढांस दार उघडें, हें त्यांचें ब्रीद. परंतु दार उघडें ठेवणें आणि पलीकडच्या दारानें बाहेर पोहोंचविणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें तेथेंही उशिरांच ध्यानांत आलें. १९९० च्या कायद्यानें पदवीचें प्रमाण जाहीर करणें आवश्यक झालें, पण त्यांत प्रथमच प्रवेश घेतलेले पूर्णवेळ विद्यार्थीच मोजले जात. म्हणजे ज्यांच्यासाठीं या संस्था निघाल्या, तेच बव्हंशीं हिशेबाबाहेर! न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानें २००७ पासून एक योजना चालविली. तींत पूर्णवेळ शिकण्याची अट होती; पण विद्यार्थ्याला सल्लागार मिळे, पाठ्यपुस्तकें मिळत आणि येण्याजाण्याचा पासही मिळे. पुढें चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें विद्यार्थ्यांचे दोन गट पाडून पाहिलें, तेव्हां तीन वर्षांत पदवी मिळविणारे योजनेंतील गटांत १०० मागें ४० निघाले, तर बाहेरच्या गटांत २२. भाऊरावांनीं अनुभवानें जें जाणलें, तेंच तेथें आंकड्यांनीं सिद्ध झालें.

आतां आपल्या घरचा हिशेब पाहूं. देऊळगांव राजा आज अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रांत आहे; हें विद्यापीठ १९८३ मध्यें स्थापन झालें. १९९४ पासून महाविद्यालयांचें मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषदही आहे आणि तिच्या निकषांत विद्यार्थ्यांच्या प्रगतीला स्वतंत्र स्थान आहे. असें असूनही कोणत्याही महाविद्यालयाच्या वार्षिक अंकांत पाहावें, तर शेवटच्या वर्षाचा शेंकडेवारी निकाल ठळक अक्षरांत. समजा, प्रथम वर्षाला १०० मुलें आलीं, तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेस ६० बसलीं आणि ४८ उत्तीर्ण झालीं. निकाल लागला ८० टक्के, हार-तुरे झाले. परंतु जीं १०० मुलें आपल्या दारीं आलीं, त्यांतलीं ४८ च पार पडलीं, हें वाक्य कोठेंही छापलें जात नाहीं. उरलेल्यांपैकीं कोण ए. टी. के. टी. च्या फेऱ्यांत अडकलें, कोणाचें लग्न झालें, कोण ऊसतोडीला गेलें, आणि कोण दुसऱ्या गांवीं जाऊन सुखानें शिकतें आहे, हें ठाऊक नसतांना त्यांना एकाच 'गैरहजर' या शब्दांत बसविणें न्यायाचें नाहीं.

या तालुक्याचें जीवन पाहिलें म्हणजे कारणें दूर शोधावीं लागत नाहींत. येथें आणि शेजारच्या जालन्याकडे बियाण्यांचा धंदा मोठा आहे. शेडनेटमध्यें भाजीपाल्याचें संकरित बीं तयार करितांना फुलाफुलाला हातानें परागसिंचन करावें लागतें. ऐन हंगामांत घरांतलें एकही माणूस रिकामें राहत नाहीं. अशा दिवसांत वर्गांतील बांक रिकामे दिसले, तर तो आळस म्हणावा काय? शेवटची एस. टी. चुकेल म्हणून जी मुलगी दुपारचा प्रयोगाचा तास सोडून जाते, तिची हजेरी कमी भरते. पण हजेरीपटावर एस. टी. ची वेळ लिहिलेली नसते.

यावर असा आक्षेप येईल कीं, टिकलेल्यांची संख्या हेंच माप केलें तर महाविद्यालयें वाटेल त्याला उत्तीर्ण करतील आणि पदवीची किंमत धुळीस मिळेल. आक्षेप पोकळ नाहीं. ज्या मापाला पैसा बांधला, तें माप बिघडतें, हें निकालावरील अनुदानानें दाखविलेंच आहे. म्हणूनच परीक्षेचा दर्जा विद्यापीठानें सांभाळावा आणि आलेल्या मुलाचा माग महाविद्यालयानें ठेवावा. एकीची हजेरी दुसरीनें भरून निघत नाहीं. हा माग ठेवण्यास मोठी यंत्रणा लागत नाहीं. प्रवेशाच्या दिवशीं एक वही उघडावी. प्रत्येक नांवापुढें तीन वर्षें, दर सत्रास, तो कोठें आहे हें लिहावें. जो दिसेनासा झाला, त्याच्या गांवीं निरोप पाठवावा आणि कारण त्याच वहींत नोंदवावें. तीन वर्षांनीं ती वही वाचली कीं, वेळापत्रक कोठें बदलावयाचें, वसतिगृह कोणासाठीं हवें, आणि कोणत्या विषयाच्या शिक्षकानें आपल्या शिकविण्याचा फेरविचार करावा, हें ती वहीच सांगेल. २०२० च्या शैक्षणिक धोरणानें मध्येंच सोडून पुन्हां परतण्याची वाट कागदावर उघडली आहे. पण जो गेला त्याचें नांवच आपल्यापाशीं नसेल, तर परत बोलवावयाचें कोणाला?

याच तालुक्यांतील मेहुणा राजा हें संत चोखामेळ्याचें जन्मगांव म्हणून परंपरेनें मानलें जातें. देवळांत कोण आहे यावरून देवाची थोरवी मोजणाऱ्या जगांत, उंबऱ्याबाहेर कोण उभें आहे हें पाहावयास त्या संतानें शिकविलें. विद्येच्या मंदिरालाही तीच कसोटी लावावयास हवी. आंतल्यांचा सत्कार अवश्य करावा. परंतु जे उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरले, त्यांचीं नांवें ज्या दिवशीं आपल्या दफ्तरीं लिहिलीं जातील, त्या दिवशीं आपल्या निकालाला खऱ्या अर्थानें निकाल म्हणतां येईल.