थायरॉइडच्या रिपोर्टवरील ‘ईसीएलआयए’ म्हणजे काय?

भिगवणसारख्या गावात थायरॉइडसाठी घेतलेले रक्त अनेकदा मोठ्या शहरातील लॅबमध्ये तपासले जाते आणि रिपोर्ट मोबाइलवर येतो. काही रिपोर्टवर टीएसएचच्या आकड्याजवळ ‘ईसीएलआयए’ असे छापलेले असते. याचा अर्थ, तो आकडा चक्क प्रकाश मोजून काढलेला असतो.

प्रकाश येतो कुठून?

नमुन्यातील टीएसएचला दोन अँटिबॉडी दोन बाजूंनी पकडतात. एकीला रुथेनियम या धातूचे संयुग जोडलेले असते, दुसरीला बायोटिन. बायोटिन हे स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटते. या प्रथिनाचा थर असलेले बारीक चुंबकीय कण मिश्रणात टाकले, की टीएसएच त्यांना अडकते. चुंबक हे कण इलेक्ट्रोडवर धरून ठेवतो आणि बाकीचे द्रव धुऊन काढले जाते. मग वीजदाब दिला, की ट्रायप्रोपिलअमाइन या रसायनाच्या मदतीने रुथेनियम नारिंगी-तांबडा प्रकाश सोडते. टीएसएच जितके जास्त, तितका प्रकाश जास्त.

फायदा काय?

यात बाहेरून प्रकाश टाकावा लागत नाही. अंधाऱ्या रात्री एकटा काजवाही दिसतो, तसा अगदी मंद प्रकाशही यंत्राला मोजता येतो. म्हणूनच हार्ट अटॅकच्या निदानासाठीची ट्रोपोनिन टी चाचणीही या पद्धतीने होते.

केसांच्या गोळ्यांचा संबंध काय?

केस आणि नखांसाठीच्या अनेक गोळ्यांत बायोटिन, म्हणजेच व्हिटॅमिन बी७ असते. प्रौढांची रोजची गरज सुमारे ०.०३ मिलिग्रॅम, पण काही गोळ्यांत ते १० मिलिग्रॅमपर्यंत असते. रक्तातील हे जादा बायोटिन कणांवरील जागा अडवते. टीएसएच पकडलेल्या अँटिबॉडीला जागा मिळत नाही, ती धुऊन जाते आणि प्रकाश कमी पडतो. परिणामी टीएसएच खोटे कमी दिसू शकते. फ्री टी४ चाचणीत हिशेब उलटा असतो. तिथे कमी प्रकाश म्हणजे जास्त हार्मोन. त्यामुळे निरोगी व्यक्तीचा थायरॉइडही वाढलेला वाटू शकतो.

ट्रोपोनिनच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने (एफडीए) नोव्हेंबर २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला. त्यात चुकीच्या कमी ट्रोपोनिनशी संबंधित एका मृत्यूचा उल्लेख होता. नंतर अनेक चाचण्यांत सुधारणा झाल्या, तरी सगळ्याच चाचण्या सारख्या नाहीत.

काय करावे?

रक्त देण्यापूर्वी बायोटिनच्या गोळ्या सुरू असल्याचे डॉक्टरांना आणि लॅबला सांगावे. गोळी किती तास आधी थांबवायची, हे डोस आणि चाचणीनुसार तेच ठरवतील. तातडीची तपासणी मात्र यासाठी लांबवू नये.